बिनशिवणीचा बूट

मापकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. रस्त्यात कोणी हाक मारली की ते आधी खाली बघत, ओळख पटल्यासारखं हसत आणि मग वर बघत. उजवी टाच अजून आतल्या बाजूनं झिजते का, असं विचारलं की त्यांचं क्षेमकुशल विचारून झालं. एका भाचीला बघायला आलेल्या मुलाबद्दल घरच्यांनी त्यांचं मत विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, की टाचा सरळ झिजतात, माणूस बरा असणार. भाची सुखात आहे. हे अर्थात मापकाकाच सांगतात.

दुकान म्हणजे दीड दाराच्या रुंदीची एक खोली. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर लाकडी पाय. ज्याचे बूट करायचे त्याच्या पायाच्या मापाचा लाकडी साचा कोरायचा, त्यावर चामडं ताणायचं, शिवायचं, मग साचा बाहेर काढायचा. साचे जोडीजोडीनं सुतळीनं बांधलेले, वर पेन्सिलीनं खूण केलेली. मधोमध काका, एका बुटक्या स्टुलावर, मांडीवर बूट, ओठांत चार खिळे. खिळे तोंडात असल्यामुळे त्यांची वाक्यं छोटी असत. तोंडात खिळे असताना खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खोटं बोलायला शब्द फार लागतात.

काकांच्या माहेरी, म्हणजे ते स्वतःच्या घराला असंच म्हणत, कोणी कुठल्याच देवळात किंवा चर्चमध्ये जात नसे. काकू मात्र पाळण्यात असल्यापासून चर्चच्या मंडळीतल्या. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी एकच गोष्ट कबूल करून घेतली, ती ही की जावई दर रविवारी चर्चमध्ये येईल. जावई आला. अडतीस वर्षं आला. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला. त्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापर्यंत तेच जात, ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे आणि ज्यांचं नाव मंडळीच्या वहीत आहे. बाकीचे बाकावर बसून राहत. बाकीचे म्हणजे लहान मुलं आणि मापकाका.

त्यांची तक्रार नव्हती. कठड्याशी माणसांनी गुडघे टेकले की त्यांच्या बुटांचे तळ मागे वळतात, आणि शेवटच्या बाकावरून अख्ख्या मंडळीचे तळ एका रांगेत दिसतात. असा देखावा कुठल्याही बूटवाल्याच्या नशिबी नसेल. रविवारी काका मान खाली घालून बसत, लोकांना वाटे प्रार्थना चालली आहे. सोमवारी सकाळी निरोप जाई, की तळाला भोक पडायच्या आत घेऊन या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग काकूंचे गुडघे बिघडले.

टेकायचं कसंबसं जमे, उठायचं जमेना. एका रविवारी उठताना त्या कलंडल्या. शेजारच्या बाईनं दंड धरला म्हणून कठड्यावर आपटल्या नाहीत. मागून काका ताडकन उठले आणि मधल्या वाटेनं धावत वेदीच्या पायरीपर्यंत गेले. पायरीशी थांबले. तिच्यापुढे त्यांना जाता येत नव्हतं. अडवलं कोणीच नव्हतं, पण अडतीस वर्षं पाळलेली रीत पायात आली. ते तिथे उभे आणि चार हात पुढे काकू, परक्या हाताला धरून उठतायत. उठल्यावर काकूंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं काकांना घरापर्यंत पुरलं.

चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, मनानं फार चांगले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, आजी, यापुढे भाकर आणि प्याला मी तुमच्या बाकावर आणून देईन, आजारी माणसांसाठी तशी सोय आहे. काकूंनी त्यांना चहा दिला आणि आपण आजारी नसल्याचं सांगितलं.

"देव एवढ्या वरून खाली आला," त्या म्हणाल्या, "आणि मला सतरा पावलं चालवू नयेत?"

पावलं त्यांनी मोजली होती. मग हेडबाई हात देतील, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि मंडळीच्या वहीच्या मालकीण. काकू म्हणाल्या की त्या हात खडू धरल्यासारखा धरतात, मोडायच्या भीतीनं. पाळक गेल्यावर त्यांनी कप विसळला आणि नवऱ्याकडे पाठ करूनच बोलल्या, "हात मला तुमचा पाहिजे. अडतीस वर्षं एकटी गेले. आता नाही जात."

म्हणजे एक तर काकांनी वहीत नाव घालायचं, नाहीतर काकूंचं प्रभुभोजन बंद. आणि काकू बोलल्या की बोलल्या.

नाव घालायचं तर तिघांसमोर बसून सहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. पाळकसाहेब, हेडबाई आणि तिसरे एक वयोवृद्ध वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, ज्यांना ऐकू फार कमी येई, त्यामुळे त्यांचे कोणाशीही मतभेद नव्हते. काका धुतलेला शर्ट घालून गेले. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसरा आला. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, यावर विश्वास आहे का?

नुसतं हो म्हणून चालण्यासारखं होतं. पाळकसाहेब तर मानेनं हो सुचवतही होते. पण प्रश्नात माणूस हा शब्द आला आणि काकांच्या डोळ्यांसमोर पाय आले. माणूस होता हे आपल्याला पूर्ण पटतं, असं त्यांनी सांगितलं आणि तिथे थांबले नाहीत. त्या काळी गाड्या नव्हत्या, वाटा दगडाच्या, पायात साधे पट्टे, गावोगाव तीन वर्षं चालणं. म्हणजे टाचांना भेगा, अंगठ्याच्या बाजूला घट्टे, डाव्या करंगळीला हमखास एक. काका अगदी आपल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं बोलत होते. हेडबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"प्रभूच्या पायांना घट्टे?"

"बाई, चालले असतील तर पडलेच असतील. चालले नसतील तर तसं सांगा."

हेडबाईंनी टोपण काढून वहीत लिहिलं, तयारी अपुरी. वडिलांनी हसून मान डोलावली.

इथे एक सांगितलं पाहिजे. हेडबाईंचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता, आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यांच्या डाव्या बुटात टाचेखाली काका आतून चामड्याचे थर असे बसवून देत, की बाई वर्गातून फिरताना पट्टीसारख्या सरळ चालत. तेवीस वर्षांत काका त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, घरीही नाही. मनात आणलं असतं तर त्या दिवशी ते बाईंच्या पायाकडे नुसतं बघू शकले असते. ते वहीकडे बघत राहिले.

तयारी करून घ्यायला पाळकसाहेब दर गुरुवारी दुपारी दुकानात येऊ लागले. त्यांचे बूट करकरायचे. काकांनी पहिल्याच गुरुवारी ते काढून घेतले आणि पाळकसाहेब पायात नुसते मोजे ठेवून देवाचं देहधारण शिकवू लागले. शिकवण सरळ होती. अर्धा देव, अर्धा माणूस असं नाही. पूर्ण देव, पूर्ण माणूस आणि तरी एकच.

काकांनी खिळे काढून हातात घेतले. मोठा प्रश्न विचारायचा असला की ते तसं करत.

"शिवण कुठे आहे?"

पाळकसाहेबांना कळलं नाही. काकांनी समजावलं. तळ वेगळा, वरचं चामडं वेगळं, दोन्ही जोडलं की शिवण येते. दोन वस्तू एक झाल्या की कुठेतरी जोड असणारच, चांगल्या कारागिराचा दिसत नाही एवढंच. तर देव कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो?

कुठेच नाही, पाळकसाहेब म्हणाले. तापलेलं लोखंड घ्या, आग आणि लोखंड एकत्रच. काका म्हणाले, थोडा वेळ थांबा, लोखंड गार होतं. सूर्य आणि किरण? ढग आला की? दुधात पाणी म्हणावं, तर पाळकसाहेब स्वतःच घाईघाईनं म्हणाले, नाही नाही, ते चुकीचं, तसं मिसळलेलं नाही. काका म्हणाले, बरं झालं, आमचा दूधवालाही दोन्ही पूर्ण असल्याचं शपथेवर सांगतो. पाळकसाहेब हसले, पण घरी जाताना विचारात होते. बूट मात्र करकरत नव्हते.

आणि काकांनी जे केलं ते फक्त काकाच करू शकले असते. दोन गोष्टी जोडाशिवाय एक होऊ शकतात की नाही, हे त्यांनी करून बघायचं ठरवलं. शिवण नसलेला बूट. तळ आणि वरचं अंग एकाच चामड्याचं, एक टाका नाही, एक खिळा नाही.

तीन आठवडे दुकानात दुसरं काम झालं नाही. चामडं भिजवायचं, साच्यावर ताणायचं, दांडक्यानं ठोकून बसवायचं, वाळलं की पुन्हा भिजवायचं. गिऱ्हाइकं येत आणि त्यांना देवाचं काम चालू असल्याचं ऐकवलं जाई. काकू म्हणाल्या की देवाचं काम सहा दिवसांत आटपलं होतं, तुम्हाला कसला एवढा वेळ लागतोय. एका कातड्याचं वाटोळं झालं, दुसरं फाटलं. तिसरं बसलं. चवड्यावरून, टाचेवरून, तळाखालून, घोट्याच्या वरही आवळून घेतलेलं, सगळीकडून गुळगुळीत. कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. काका ते दाखवायला हातात घेऊन घरी आले. काकूंनी उलटंसुलटं करून पाहिलं, बोट फिरवलं, खरंच शिवण नव्हती.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "आता यातून साचा काढा."

साचा निघेना. निघणार कुठून? तोंडच नव्हतं. साचा काढायचा तर चामडं कापायचं, आणि कापलं की जोड आला. काका बराच वेळ तो जड, तोंड नसलेला बूट मांडीवर घेऊन बसले. काकू हसू दाबत, तोंडाला पदर लावून आत गेल्या. आतून बराच वेळ भांडी वाजत होती, पण भांडी घासल्याचा आवाज तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पलंगावरून उठायचा प्रयत्न करत होत्या. सकाळी गुडघे सगळ्यात वाईट असत. काका नेहमीसारखे त्यांचे बूट घेऊन आले. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांनी काकूंसाठी पाच जोड केले होते. एकाचा तळ जाड, एकात लोकर, एकाची टाच बाहेरून उचललेली. त्यांनी सहावा करायचा विचार सांगितला, आत दोन थर आणखी घालून.

"अहो, तुम्ही बाहेरून किती थर लावाल?" काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "दुखतं ते आत आहे. ते तुम्हाला नाही ना घालून बघता येत."

काका बूट घालता घालता थांबले. एक बूट काकूंच्या पायात, एक हातात. काकूंना वाटलं, लागलं की काय बोलणं. त्या काही म्हणणार तेवढ्यात काका म्हणाले, "परत एकदा म्हण." त्यांनी परत म्हटलं. काकांनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली, आणि चहा न घेता पाळकसाहेबांकडे परीक्षेची वेळ ठरवायला गेले.

या खेपेला ते बूट घेऊनच गेले आणि तो टेबलावर वहीशेजारी ठेवला. हेडबाईंनी हे काय आहे, असं विचारलं. ही चूक आहे, असं काकांनी सांगितलं. वडिलांनी बूट हातात घेऊन कौतुकानं वजन पाहिलं.

तिसऱ्या प्रश्नाला काकांच्या तोंडात खिळे नव्हते, तरी वाक्यं तेवढीच छोटी होती. ते म्हणाले की आपण अडतीस वर्षं मागे बसून सगळं ऐकलं आणि मनात चित्र धरलं ते असं. आत देव, लाकडाच्या साच्यासारखा, घट्ट, न बदलणारा. वरून माणूस चढवलेला, चामड्यासारखा. काम झालं की उतरवायचा. म्हणूनच आपण शिवण शोधत बसलो.

"पण घातलेल्या बुटाला खिळा लागला, तर पाय बाहेर काढता येतो," काका म्हणाले. "क्रुसावर त्याच्या पायात गेला तो. बुटात नाही. त्यानं माणूस घातला नव्हता, साहेब. तो झाला होता. घातलेलं काढता येतं, झालेलं काढता येत नाही."

हेडबाई बोलल्या. त्यांनी पेन उचललंच नव्हतं.

"माणूस झाला, ठीक. मग देव उरला कुठे?"

काकांनी थोडा विचार केला. "बाई, देव नसेल उरला, तर खाली आलं कोण? एका भल्या माणसाच्या पायाला लागलं, एवढंच मग. भल्या माणसांच्या पायांना माझ्या दुकानात रोज लागलेलं असतं. त्यासाठी आमची ही सतरा पावलं चालत जात नाही. ज्याला लागणं शक्यच नव्हतं, त्याला लागलं. म्हणून जाते. दुसऱ्याचं दुखणं बाहेरून किती पांघरायचं, मला विचारा, मी पाच जोड केलेत. आतून घ्यायचं असलं तर तोच व्हावं लागतं. मला ते जमत नाही. त्याला जमलं, म्हणून तो देव."

"आणि शिवण?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

"नाही सापडली. मी केलेल्या वस्तूला असते. हे मी केलेलं नाही."

वडिलांनी बूट कानाशी नेऊन हलवून बघितला. हेडबाई टेबलाखाली पाय थोडे हलवत होत्या, आधी उजवा, मग डावा. मग त्यांनी वही ओढली, मागचं एक पान उलटलं, आधीची नोंद सरळ रेघ मारून खोडली.

"घट्टे पडले असतील," त्या म्हणाल्या. "मान्य." आणि पाळकसाहेबांकडे न बघता, "पुढचा प्रश्न विचारा. चौथा. इथेच रात्र करायची आहे का?"

चौथा, पाचवा, सहावा सुटले. काकांना ते नंतर आठवतही नव्हते.

बाप्तिस्म्याचं पाणी अपेक्षेपेक्षा गार निघालं आणि शर्टाच्या आत पाठीपर्यंत गेलं. काका त्याबद्दल पुढे दोन वर्षं बोलत राहिले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बुटांना नवे तळ लावले होते, कारण मागच्या बाकांवर लोक बसतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मग प्रभुभोजनाची वेळ आली. काकूंनी त्यांच्या दंडात हात घातला. सतरा पावलं. काका मोजत होते, काकू मोजत नव्हत्या. कठड्याशी दोघांनी एकदम गुडघे टेकले, म्हणजे काकूंनी काकांच्या हातावर भार टाकून हळूहळू आणि काकांनी कार्यक्रम चांगला चालला आहे अशा आत्मविश्वासानं धपकन. भाकर आली, प्याला आला. काका रडले नाहीत. काकू म्हणतात, रडले.

मग उठायची वेळ झाली. काकांनी त्यांच्या कोपराखाली हात दिला, काकूंनी कठडा धरला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्या न कलंडता उभ्या राहिल्या. शेजारची रांग उठून गेली. काका तिथेच होते.

"अहो, उठा."

"येत नाही."

"काय येत नाही?"

"उठता."

चाळीस वर्षं बुटक्या स्टुलावर दुमडून बसलेली कंबर आणि गुडघे. त्यांना टेकायचं माहीत नव्हतं आणि आता सरळ व्हायचं माहीत नव्हतं. काकूंनी उभ्यानं त्यांचा हात धरून ओढला. काका हलले, उठले नाहीत. पुन्हा ओढला. पुढची रांग वाटेत येऊन थांबली होती, पाळकसाहेब प्याला धरून उभे होते, आणि कोणीतरी मदतीला पुढे होऊ लागलं तेव्हा हेडबाईंनी नुसता हात आडवा करून त्याला जागच्या जागी बसवलं.

काकूंच्या लक्षात आलं, की वरून ओढून हे व्हायचं नाही. त्यांनी एकदा छताकडे बघितलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे. मग कठडा धरून, दात आवळून, एकेक गुडघा करत त्या पुन्हा खाली बसल्या, नवऱ्याशेजारी.

"काय करतेस?" काका घाबरून म्हणाले. "आत्ताच तर उठलीस."

"गप्प बसा. हात टाका माझ्या खांद्यावर. असा नाही, पूर्ण. लाजताय काय, मंडळी थांबलीय."

त्यांनी हात पूर्ण टाकला. तिसऱ्या प्रयत्नाला दोघं एकदम उभे राहिले. कोणी कोणाला उठवलं, यावर त्यांचं घरात अजून एकमत झालेलं नाही.